कोबेचं स्थळ

एदोगावा, तोक्यो
२८ जुलै २०२१

चि. सिंधू,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, कारण पुढे सगळी काळजीच आहे.

फोन करत नाही याला दोन कारणं. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं. आणि या घराच्या भिंती इतक्या पातळ आहेत की तुला सांगितलेलं शैलेंद्र, सुरुची आणि चारुता, तिघांनाही ऐकू जातं. मुलगा, सून, नात सगळी चांगली आहेत, पण काही गोष्टी बहिणीशीच बोलाव्या लागतात. तीन महिन्यांसाठी आलो होतो, करोनामुळे दीड वर्ष अडकून पडलोय. तू त्याच देशात, आणि अजून तोंड बघितलेलं नाही.

चारुताचं मेडिकलचं शेवटचं वर्ष. मला वाटलं होतं, परीक्षा झाली की डॉक्टर. तसं नाही. आधी दोन वर्षं एखाद्या हॉस्पिटलात काम करत शिकायचं, आणि ते हॉस्पिटल मिळवायची रीत अशी. मुलं तीन-चार ठिकाणी मुलाखती देतात. मग मुलं आपल्या पसंतीचा क्रम लिहून देतात, हॉस्पिटलं त्यांच्या पसंतीचा. कॉम्प्युटर दोन्ही बाजू बघून जोड्या लावतो. एकदा लागली की मोडता येत नाही.

मी शैलेंद्रला म्हटलं, "अरे, हे तर लग्नच झालं."

तो म्हणाला, "बाबा, मॅचिंग म्हणतात त्याला."

"मग मी काय वेगळं म्हणालो?"

दोन स्थळं खरी मनातली. एक इथलं, मोठं, नावाजलेलं, घरून जाऊन-येऊन करता येईल असं. दुसरं तुमच्या कोबेतलं, स्टेशनच्या डोंगराकडच्या अंगाला. तोक्योचं तिने आत जाऊन बघितलंय. कोबेचं नाही. दरवर्षी मुलं जाऊन दोन दिवस डॉक्टरांच्या मागे फिरतात, या वर्षी ते बंद. मुलाखतही कॉम्प्युटरवरच. त्यांचा व्हिडिओ मी तिच्याबरोबर बघितला. नर्स हसतात, डॉक्टर हसतात, सलाइन लावलेला पेशंटही हसतो. सिंधू, कुठल्या हॉस्पिटलात पेशंट हसतो?

मुलगी अशी न बघता कशी द्यायची? तुझ्या लग्नाआधी मी तुझ्या यजमानांच्या ऑफिससमोरच्या उपाहारगृहात दोन दुपारी बसलो होतो. वेटरशी कसे बोलतात, ते बघायला. तुला कधी सांगितलं नव्हतं. तर तू एकदा त्या हॉस्पिटलात जाऊन बस. काही विचारू नकोस. फक्त बघ.

सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने डॉक्टरांची चौकशी करावी हे शोभत नाही, हे मला कळतं. पण झोप लागत नाही.

तुझा,
दादा

*

कोबे
६ ऑगस्ट

ती. दादा,

नमस्कार पत्रातूनच घे, गुडघा वाकत नाही.

म्हणजे दोन दुपारी बसला होतास! मला चाळीस वर्षांनी कळतंय. आज हे असते तर म्हणाले असते, "तरीच त्या दोन दिवसांत कोणीतरी माझ्या ताटाकडे बघत होतं."

तुझं काम झालं. गुडघा दाखवायचा होताच, तो तिथेच नेऊन दाखवला. सकाळी गेले, दुपार टळल्यावर सुटले. आता नीट वाच.

वाईट आधी सांगते. वाट बघायच्या जागेतल्या खुर्च्या इतक्या ठेंगण्या, की बसले ती शेजारणीच्या आधाराने उठले. जमिनीवर रंगीत बाण आहेत. एक्स-रेसाठी निळ्या बाणावरून जा म्हणाले. मी गेले ती थेट स्टाफच्या जेवणाच्या खोलीत. तिथे दोन तरुण डॉक्टर उभ्याउभ्या भाताचे गोळे खात होते. मला बघून एकाने गोळा तसाच मागे लपवला, शाळेतल्यासारखा.

आता चांगलं. माझ्यासमोर एक म्हातारे बसले होते, ठार बहिरे. सगळ्यांनी मास्क लावलेले, त्यामुळे त्यांना ओठही वाचता येईनात. तोच गोळेवाला डॉक्टर आला, त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायला लागला. म्हातारे वाचायचे, विचार करायचे, मग पेन घेऊन उत्तर लिहायचे. फार वेळ लागला. मागे माणसं ताटकळली होती, पण तो पोरगा काही हलला नाही. शेवटी म्हाताऱ्यांनी काहीतरी लिहिलं आणि दोघेही हसले. काय लिहिलं ते दिसलं नाही. मान लांब करून बघितलं, तरी नाही.

माझ्या मते स्थळ चांगलं आहे.

तुझी,
सिंधू

*

एदोगावा
११ ऑगस्ट

चि. सिंधू,

तुझं पत्र चारुताला वाचून दाखवलं. तिला छापील मराठी कसंबसं येतं, तुझं अक्षर अजिबात नाही. उभ्याने जेवतात तो भाग मी दोनदा वाचला, म्हणजे तिच्या लक्षात यावं. ती म्हणाली, "आजोबा, ते झालं. बहिऱ्या आजोबांचं परत वाचा." ते परत वाचलं. मग म्हणाली, "अजून एकदा." तेही वाचलं.

मुलाखत २६ तारखेला, दुपारी साडेचारला, माझ्या खोलीत. तीच एक भिंत मोकळी आहे. माझा बिछाना, गोळ्यांचा डबा आणि मी, सगळे बाहेरच्या खोलीत जाणार.

तिने मुलाखतीचा काळा कोट आणला होता, खांद्यांवर ढगळ. इथे सगळी मुलं तसाच घालतात म्हणे. मी म्हटलं, पडद्यावर माणूस छातीपर्यंतच दिसणार, म्हणजे सगळी भिस्त खांद्यांवर. माझी उभी हयात दादरच्या दुकानात कटिंग करण्यात गेली. उसवून दोन्ही खांदे पुन्हा बसवले. सुईत दोरा तिने ओवून दिला. घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मी डॉक्टर वाटते." खाली घरातलाच पायजमा होता.

आता एक मोठी चिंता. इथे रोज संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यांवर गाणं वाजवतात, मुलांनी घरी जावं म्हणून. मुलाखत पाचपर्यंत लांबली तर? मी शैलेंद्रला म्हटलं, वॉर्ड ऑफिसात सांगून त्या दिवशी बंद ठेवता येईल का? त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय सोडला. कुकर मात्र त्या दिवशी लावायचा नाही, हे सुरुचीकडून कबूल करून घेतलंय.

गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले, ते तू लिहिलंच नाहीस.

दादा

*

कोबे
२० ऑगस्ट

ती. दादा,

हे वाचताना खुर्चीत बस, आणि पत्र घरात कोणाला दाखवू नकोस.

गुडघ्यासाठी मंगळवारी पुन्हा बोलावलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं? इथली पद्धत तुला माहीत नाही. नवीन शेजारी राहायला आले तरी आधी खाऊ घेऊन येतात, वाकतात आणि ‘योरोशिकु’ म्हणतात. म्हणजे, सांभाळून घ्या. चाळीस वर्षं मीही तेच करत आलेय. शिवाय आपल्याकडेही बोलणी व्हायच्या आधी दोन गोड शब्द असतातच. तर मी बेसनाचे लाडू केले, डब्यात भरले, रेशमी रुमालात बांधले आणि ऑफिसच्या खिडकीवर ठेवून आले. म्हणाले, "आमच्या भावाची नात तुमच्याकडे मुलाखतीला आहे. योरोशिकु." नावही सांगितलं. खिडकीतल्या मुलीने दोन्ही हातांनी घेतलं, वाकली. मला वाटलं, छान झालं.

काल डबा परत आला. थंड गाडीच्या टपालाने, बर्फाच्या पिशव्या लावून. बरोबर पत्र. इतकं सभ्य, की दोनदा वाचल्यावर कळलं. उमेदवाराच्या नातेवाइकांकडून काहीही घेता येत नाही, आपल्या भावना पोचल्या, डबा सविनय परत. रुमाल इस्त्री करून घडी घातला होता, दादा. ती घडी मी अजून मोडलेली नाही.

वरच्या थरातला एक लाडू कमी होता.

आता काय करू? जाऊन माफी मागू?

सिंधू

*

एदोगावा
२३ ऑगस्ट

सिंधू,

कुठेही जाऊ नकोस. घरात बस. गुडघा दुखला तरी घरात बस.

तुझं पत्र मी बाथरूममध्ये नेऊन वाचलं. चारुताची लहानपणापासूनची धडपड. आठव्या वर्षी ती या देशात आली, इथली कानजी अक्षरं शिकताना रडायची असं सुरुची सांगते. त्या पोरीच्या नावापुढे आता लिहिलं असेल, हिच्या घरचे लाच देतात.

दोष तुझा नाही. मीच तुला पाठवलं. उपाहारगृहात बसायचं ते ऑफिसात जाऊन बसलो.

चारुताला सांगितलेलं नाही. मुलाखत तीन दिवसांवर आलीये, ती आरशासमोर उत्तरं पाठ करते, वाकण्याचा सराव करते. अशा वेळी हे कोणत्या तोंडाने सांगू? मुलाखत होऊ दे. त्यांनी विषय काढला नाही तर आपणही काढायचा नाही. शैलेंद्रलाही सांगितलेलं नाही.

आणि तो एक लाडू कोणी खाल्ला? रात्रभर तोच विचार. त्याला वेलची सोसली नाही तर? हॉस्पिटलात आहे हे त्यातल्या त्यात बरं.

दादा

*

एदोगावा
२७ ऑगस्ट

सिंधू,

चारच ओळी लिहितो.

मुलाखत पाचच्या गाण्याच्या आधीच संपली. दार सरकवून चारुता बाहेर आली. वर कोट, खाली पायजमा. सरळ माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आजोबा, सिंधूआजीने हॉस्पिटलमध्ये लाडू दिले, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

तिने कोट काढून हँगरला लावला आणि आपल्या खोलीत गेली. आज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली, तेही जपानीत.

सगळं संपलं असं समज.

दादा

*

कोबे
३१ ऑगस्ट

ती. दादा,

दोन-तीन दिवस पत्राला हात लावला नाही. लाज वाटत होती.

आता खरं लिहिते. लाडू मी केवळ पद्धत म्हणून नेले नाहीत. मला ती इथे हवी आहे. घरात दोन खोल्या, दोन्हींत मी एकटीच. रविवारी कोणी आपलं माणूस येईल, मराठीत ‘आजी’ म्हणेल, एवढा माझा स्वार्थ. म्हणून चांगलं लिहिताना माझं अक्षर जरा मोठं झालं असेल. खोटं मात्र काही लिहिलं नाही.

आणि दादा, तूही सांगून टाक. उभ्याने जेवतात तो भाग तू दोनदा का वाचलास? तुला ती तिथेच हवी आहे. दुपारी तुझ्याशी बोलणारी त्या घरात ती एकटीच आहे, हे मला न सांगताही कळतं. तुझी चौकशी नव्हती ती. तू खोड शोधत होतास.

आपण दोघं म्हातारी दोन्हीकडून ओढायला निघालो, आणि मध्ये त्या पोरीचा हात.

तिला सांग, सिंधूआजी माफी मागते. मी लिहिलं असतं, पण माझं अक्षर तिला लागत नाही म्हणतोस.

सिंधू

*

एदोगावा
१२ सप्टेंबर

चि. सिंधू,

तुझ्या पत्राचा राग आला. मग तो गेला. तू लिहिलंस ते बरोबर आहे, एवढ्यावर ते थांबवू.

गणपती घरीच बसवला. नैवेद्याला सुरुचीने लाडू केले आणि ताट आणून ठेवलं. तेवढ्यात चारुता म्हणाली, "हे परत नाही ना येणार?" शैलेंद्रला काहीच माहीत नव्हतं. त्याला सांगता सांगता सगळंच बाहेर पडलं. तो आधी डोकं धरून बसला आणि मग इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

दुपारी चारुता माझ्या खोलीत आली. म्हणाली, "मला लाडूंचा राग नव्हता आला. तुम्ही सांगितलं नाही, त्याचा आला. माहीत असतं तर मी सुरुवातीलाच सॉरी म्हटलं असतं."

मी म्हटलं, "तुला घाबरवायचं नव्हतं."

"मग शेवटी घाबरले ना! सगळं छान झालं होतं आणि एकदम."

मग मुलाखतीत काय झालं ते तिने सांगितलं. पडद्यावर तिघं होती. शेवटी ऑफिसच्या माणसाने विचारलं, एक बाई खाऊ ठेवून गेल्या होत्या, त्या तुमच्या कोण? ही म्हणाली, "माझी आजी. मला ठाऊक नव्हतं, पण चूक आमची आहे." आणि माफी मागायला वाकली. इतकी वाकली, की पडद्यावरून नाहीशीच झाली. त्यांना बिचाऱ्यांना माझी मोकळी भिंत तेवढी दिसत राहिली.

वर आली तेव्हा त्यांतल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या नुसता खाऊ द्यायला आल्या होत्या?"

हिने सांगून टाकलं. "नाही. मला या वर्षी येऊन बघता येत नाही, म्हणून माझ्या आजोबांनी त्यांना बघायला पाठवलं. आमच्याकडे लग्नाआधी असं करतात."

सिंधू, हे तिने मुलाखतीत सांगितलं!

बाई म्हणाल्या, "मग, काय बघितलं त्यांनी?"

आणि आपल्या मुलीने तुझं अख्खं पत्र त्यांना ऐकवलं. खुर्च्या ठेंगण्या आहेत, निळा बाण चुकीच्या ठिकाणी नेतो. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अगं, मुलीकडच्यांनी त्यांच्या तोंडावर त्यांच्या खुर्च्यांना नावं ठेवली?"

"दाइजोबु, आजोबा. ऐका तर." दाइजोबु म्हणजे काही होत नाही. हा शब्द ती मला दिवसातून दहादा ऐकवते. "मग मी त्या बहिऱ्या आजोबांचं सांगितलं. तो डॉक्टर त्यांच्याकडे पहिल्या वर्षाला आहे. त्यांना हे माहीतच नव्हतं. बाईंनी मला थांबवलं, पेन घेतलं आणि म्हणाल्या, पुन्हा सांगा, कुठे बसले होते, किती वेळ. आणि खुर्च्यांचंही लिहून घेतलं, निळ्या बाणाचंही."

"आणि तोक्योवाले?"

"छान बोलले. त्यांनी विचारलं, काही शंका? मी विचारलं, नवीन डॉक्टरांना पेशंटजवळ बसायला वेळ मिळतो का? ते म्हणाले, सगळी माहिती वेबसाइटवर आहे."

मग ती म्हणाली, "मी कोबे पहिलं लिहिणार आहे. पण ते मला लिहितील की नाही, माहीत नाही. लाडू झालेच आहेत."

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. तिला ते पसंत आहेत. त्यांना ती पसंत असेल का, ते आपल्या दोघांच्या करणीवर टांगून ठेवलंय. निकाल ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर मी काय करू, सांग.

माफी तिला पोचवली. म्हणाली, "आजीला सांगा, पुढच्या वेळी मला विचारा, मग करा." पुढच्या वेळी म्हणाली, हे लक्षात घे.

दादा

*

कोबे
३ ऑक्टोबर

ती. दादा,

पुढच्या वेळी म्हणाली, ते वाचून देवापुढे साखर ठेवली.

परवा गुडघ्यासाठी जावं लागलं, टाळता येईना. मास्क डोळ्यांपर्यंत ओढून गेले, साडी टाळून पँट घातली, तरी खिडकीतल्या मुलीने ओळखलं आणि वाकली. हातात काही आहे का, तेवढं मात्र तिने बघितलं.

चारुताला सांग, खुर्च्या तशाच आहेत. निळा बाणही तसाच. लिहून घेतलं म्हणून लगेच काही होत नाही, हे तिने धरून चालावं. आता वाईटही लिहिते, बघ. तू बरोबर आहेस की मी, याच्याशी मला काही घेणं नाही. तिला जे मिळेल ते चांगलं होवो.

तू काय करू विचारतोस. चालायला जा. जेव. तिच्यासमोर उसासे टाकू नकोस.

सिंधू

*

एदोगावा
२९ ऑक्टोबर २०२१

चि. सिंधू,

शैलेंद्र काल रात्रीच तुला फोन करणार होता, तेव्हा बातमी तुला कळली असेल. पण मी माझ्या हाताने लिहिणार. शनिवारी आता इथे टपाल वाटत नाहीत म्हणे, म्हणजे तुला हे सोमवारी मिळेल. चालेल.

काल दुपारी निकाल होता. चारुताने माझीच खोली मागितली, त्याच भिंतीसमोर बसायचं म्हणाली. मी आणि सुरुची बाहेर. सुरुची भांडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा. आतून आवाज नाही. माझं यंत्र बंद पडलं की काय म्हणून मी ते काढून पुन्हा घातलं. मग दार सरकलं.

ती म्हणाली, "आजोबा, कोबे."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच सुचलं. सुरुचीने तिला जवळ घेतलं, दोघी रडल्या, शैलेंद्रला फोन लावला, तो ऑफिसातून मोठ्याने ओरडला, ते मला यंत्राशिवायही ऐकू आलं असतं. मी खुर्चीतच होतो. आनंद झाला, सिंधू. खरोखर झाला. त्यांनी आपल्या लाडवांसकट तिला घेतली. तरी उठून उभं राहवेना.

सगळं निवल्यावर ती माझ्याजवळ खाली येऊन बसली. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, "चारुता, मी तुला सांगितलं असतं, इथेच राहा, आजोबांसाठी राहा, तर?"

ती म्हणाली, "राहिले असते. पण तुम्ही सांगितलं नाही ना."

मी कधी सांगणार होतो, आणि कितीदा ओठांवर आलं होतं, हे तिला माहीत होतं की काय कोण जाणे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

एप्रिलमध्ये ती येईल. हॉस्पिटलच्या वसतिगृहात राहायचंय, तुझ्याकडे नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. सुट्टी असेल तेव्हा येईल. थकून आली तर प्रश्न विचारू नकोस, झोपू दे. विमानं सुरू झाली की मीही परत जाईन म्हणतो, पण जाण्याआधी कोबेला येईन. आता बघायला काही उरलेलं नाही, नुसता राहायला येईन.

संध्याकाळी ती मला नदीच्या बांधावर फिरायला घेऊन गेली. वारा होता. सायकलवरून शाळेची मुलं जात होती. कोबेकडची बोली वेगळी असते, ती आत्तापासून शिकायला हवी, असं म्हणून ती वाटभर काहीबाही बोलून दाखवत होती, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत होती. मला तोक्योची जपानीही येत नाही, तेव्हा फरक काही कळला नाही. ती बोलत होती आणि मी हो हो म्हणत चाललो होतो. पुलापर्यंत गेलो. मी म्हटलं, परतू या का? ती म्हणाली, अजून थोडं. मग अजून थोडं गेलो.

तुझा,
दादा